चौघींतली चौथी

आमच्या घराला रस्त्याकडे जायला एकच वाट आहे आणि ती दुकानातून जाते. तेलंगणातल्या इचोड्यात हायवेला लागून आमचं हार्डवेअरचं दुकान, त्याच्या मागं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी. मागच्या अंगाला शेजाऱ्यांची भिंत. घरातून कोणी बाहेर निघालं की काउंटरवर बसलेल्याला दिसतंच. दिवसा तिथं माझे सासरे बसतात, त्यांना मी मामाजी म्हणते. संध्याकाळी साडेपाचनंतर माझा नवरा. दिवसभर मला ट्रकांचे हॉर्न ऐकू यायचे, पण ट्रक दिसायचा तो शटर आणि सिमेंटच्या पोत्यांच्या मधल्या फटीतून, तोही अर्धाच.

माझं माहेर पैनगंगेच्या काठचं. लग्न ठरताना पोरीला डिग्री पूर्ण करू देऊ, असा शब्द सासरच्यांनी दिला होता आणि त्यांनी तो पाळलाही. कॉलेजात माझं नाव होतं, परीक्षेला जाऊ देत होते. वर्गात बसायचं असतं, असं त्या शब्दात कुठं नव्हतं. माझी नणंद मात्र त्याच कॉलेजात, त्याच वर्षाला, रोज जायची. वयानं ती माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, पण नात्यानं मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे, तुमी म्हणायचे. ती मला वैनी म्हणायची आणि तू म्हणायची. तिच्या वह्या मी दुपारी उतरवून घ्यायचे. तिचं अक्षर इतकं वाईट होतं की कधीकधी तिलाच विचारावं लागे, आणि ती म्हणायची, "मले काय मालूम, सरच तसं बोलले."

एका संध्याकाळी ताई कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच आईसमोर उभी राहिली. आदिलाबादला झोनच्या स्पर्धा होत्या, तेवीस वर्षांखालच्या मुलींच्या, चार जिल्ह्यांचे चार संघ. खेळाचं नाव लॉन बोल्स. एका संघात चार मुली लागतात आणि हिनं पीडी मॅडमकडं नाव दिलं होतं. पीडी मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या खेळाच्या मास्तरीण.

"कोनता खेळ मनते?" आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं.

"गोटा लोटाचा. पळा लागत नाई, उडा लागत नाई. सर्टिफिकेट भेटते."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. सापडलेले खडे त्यांनी बाजूला टाकले. मग माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "वैनीले संग घेऊन जाजो. एकटी नाई."

ताईच्या लग्नाचं पाहणं सुरू होतं, पोरगी एकटी फिरते असं कोणी म्हणू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या दिवसापासून मी रोज दुपारी दोन तास दुकानातून बाहेर पडू लागले. मामाजी चष्म्यावरून पाहायचे, ताई पुढं, मी मागं, आणि आम्ही कॉलेजला जायचो. पंधरा दिवसांचा सराव होता.

कॉलेजच्या मागच्या मैदानाचा एक पट्टा मॅडमनी शेणानं सारवून, रोलर फिरवून सपाट करून घेतला होता. चेंडू आयोजकांकडून उसने आणलेले, काळे आणि तपकिरी, हातात धरले की वरवंट्यासारखे जड. ते पूर्ण गोल नसतात. एका अंगाला किंचित बसके असतात, आणि त्या अंगावर लहान गोल खूण असते. लोटला की आधी सरळ जातो आणि वेग कमी झाला की त्या खुणेच्या बाजूला वळत जातो. समोर दूर एक लहानसा पांढरा चेंडू ठेवलेला असतो, त्याला जॅक म्हणतात. त्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू नेऊन थांबवायचा, एवढाच खेळ. सरळ नेम धरला की तो हमखास दुसरीकडं जातो.

मी पायरीवर बसायचे. मांडीवर चौघींच्या ओढण्या, शेजारी पाण्याच्या बाटल्या. संघात ताई होती, गुडीहत्नूरची एक बुटकी, फार कमी बोलणारी मुलगी होती आणि बेल्लमपल्लीची एक होती, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याची पोर. ती आमच्याकडं हॉस्टेलात राहून शिकायची. तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला तेलुगू मोडकंतोडकं यायचं, म्हणून सगळं हिंदीत चालायचं. चौथी मुलगी पाचव्या दिवशी आली नाही. सहाव्या दिवशी तिचा भाऊ येऊन मॅडमना सांगून गेला की ती येणार नाही.

चार नसल्या तर संघच नाही. मॅडम कमरेवर हात ठेवून मैदानाकडं पाहत राहिल्या. मग वळल्या आणि माझ्याकडं पाहिलं. "रा अम्मा, नुव्वु वेय्यि," म्हणाल्या. ये, तू टाक.

मी ताईकडं पाहिलं. ताई म्हणाली, "टाक नं वैनी. नाईतर सगळंच बुडते."

साडीचा पदर कमरेला खोचून मी पहिला चेंडू लोटला, तो अर्ध्यातच थांबला. दुसरा थोडा पुढं गेला. तिसरा लोटताना मी जॅककडं पाहिलंच नाही, त्याच्या उजवीकडं चार हातांवर एक काडी पडली होती, तिच्याकडं पाहून लोटला. तो काडीपर्यंत गेला, रेंगाळला आणि डावीकडं वळत वळत जॅकला जाऊन टेकला. बेल्लमपल्लीची म्हणाली, "कैसा डाली रे तू?" चेंडू कुठं थांबणार हे तो हातातून सुटतानाच मला कळत होतं. लग्न झाल्यापासून पुढं काय होणार हे मला स्वतःहून कळलंय असं दुसरं काही नव्हतं.

साडीत खेळता येईना. ताईनं तिची जुनी ट्रॅक पॅन्ट दिली. कॉलेजच्या बाथरूममध्ये मी साडी घडी करून पिशवीत ठेवायचे, दोन तासांनी पुन्हा नेसायचे आणि मग दुकानातून घरात जायचे. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. ठरवून लपवलं असंही नाही. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी काल का नाही सांगितलं असा प्रश्न येईल म्हणून राहिलं, आणि त्यानंतर ते सांगण्यासारखं उरलं नाही.

मग मॅडमनी मला स्किप केलं. प्रत्येक संघात एक स्किप असते. ती समोरच्या टोकाला, जॅकपाशी उभी राहते आणि बाकीच्या तिघींना हातानं, तोंडानं सांगते, इकडून टाक, रुंद घे, हळू. स्वतः सगळ्यात शेवटी टाकते. ताईला वाटत होतं ती स्किप होणार, नाव तिनंच आधी दिलं होतं. मॅडमनी तिला तिसरी केलं.

घरी मी ताईचं ताट वाढायचे, तिचे कपडे धुवायचे. मैदानावर मी तिला सांगायचे, "ताई, खूण बाहेरून आली, चेंडू उलटा धरला तुमी." पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा तिनं ऐकलं नाही आणि चेंडू भलतीकडं गेला. तिसऱ्यांदा ती चालत माझ्याजवळ आली, आवाज न चढवता म्हणाली, "लई शिकवून राह्यली तू मले. घरी सांगू का, काय नेसून राह्यली ते?"

मी म्हटलं, "तसं नाई ताई. ते खेळातलं होतं."

"मालूम हाय मले खेळातलं."

त्या दिवसापासून मी तिला काही सांगायच्या आधी मनात तोलू लागले. सांगितलं नाही तर संघ हरेल, सांगितलं तर घरी कळेल. मी हातानं खुणा करायचे, बोलणं टाळायचे. मॅडम ओरडायच्या, "मुँह से बोलो, स्किप." मग मी बोलायचे आणि घरी जाताना ताईच्या चार पावलं मागं राहायचे. घरी ताई काही सांगायची नाही. भाकरी खायची, फोन पाहायची. ती आज सांगेल की उद्या, याची वाट पाहणं तिनं सांगून टाकण्यापेक्षा जड जात होतं.

स्पर्धा दोन दिवसांची होती. मुक्काम करायचा नाही या अटीवर आम्हाला परवानगी मिळाली, रोज सकाळच्या बसनं जायचं आणि संध्याकाळी परत. आदिलाबादच्या बाहेर एका फंक्शन हॉलच्या मागं बॉक्स क्रिकेटचं मैदान होतं, तिथं सामने ठेवले होते. खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत, चारही बाजूंना जाळी आणि वरही जाळी. बाहेरची पोरं गोळा होऊ नयेत म्हणून सामना सुरू झाला की वॉचमन फाटकाला कुलूप लावायचा आणि संपल्यावरच उघडायचा. मुलींच्या आईवडिलांनाही बाहेरच उभं राहावं लागायचं. पाणी प्यायला जायचं तर मॅडमना हाक मारून वॉचमनला शोधावं लागे.

त्या गवतावर चेंडू आमच्या शेणाच्या पट्ट्यापेक्षा फार लवकर अडायचा. पहिला सामना आम्ही हरलो. दुपारचा दुसरा जिंकलो. ताई त्या दिवशी चांगली खेळली, बसमध्ये तिनं मला खिडकीची जागा दिली आणि वाटेतलं गुडीहत्नूर येईपर्यंत आम्ही दोघी प्रत्येक चेंडू पुन्हा पुन्हा बोललो. मला वाटलं, आता सगळं नीट जाईल.

दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना होता. दहा फेऱ्यांचा. जो जिंकेल तो पहिला येणार होता. सातव्या फेरीपर्यंत आम्ही दोन गुणांनी मागं होतो. मी जॅकपाशी उभी होते, ताई टाकायला आली होती. मी म्हटलं, "ताई, रुंद घ्या. अजून रुंद." तिनं टाकला, तो आखूड पडला. मी जोरात म्हटलं, "किती वेळ सांगा लागते ताई, हात आवरू नका." हे म्हणताना माझं लक्ष जाळीकडं गेलं.

बाहेर माझा नवरा उभा होता. हातात हेल्मेट. दुकानाचा माल आणायला तो आदिलाबादला आला होता, तसाच बहिणीचा खेळ पाहायला आला. बहीण खेळतेय हे त्याला माहीत होतं. मी तिथं ट्रॅक पॅन्ट घालून, डोक्यावर काही न घेता, त्याच्या बहिणीवर ओरडतेय हे माहीत नव्हतं.

फाटकाला कुलूप होतं. त्याला आत येता येणार नव्हतं आणि मला बाहेर जाता येणार नव्हतं, आणि अजून तीन फेऱ्या बाकी होत्या. कुठं लपण्यासारखी जागा नव्हती. जाळीतून माणूस पूर्ण दिसतो. मी त्याच्याकडं पाठ करून उभी राहिले, पण टोकं प्रत्येक फेरीला बदलतात, त्यामुळं पुढच्या फेरीला तो माझ्या अगदी समोर आला. तो हलला नाही. रागावलाय की नाही तेही कळेना. मला त्याचा चेहरा वर्षभर रोज दिसत होता आणि तरी त्या दिवशी तो वाचता आला नाही.

खेळत राहणं एवढंच हातात होतं. आठवी फेरी बरोबरीची गेली. नववीत बेल्लमपल्लीच्या पोरीनं कमाल केली आणि आम्ही बरोबरीला आलो. दहावीत माझी पाळी आली तेव्हा समोरच्यांचा एक चेंडू जॅकच्या मागं हातभर अंतरावर होता आणि पुढं आमचाच एक वाट अडवून बसला होता. माझा शेवटचा चेंडू उरला होता. स्किप टाकायला गेली की तिसरीनं जॅकपाशी उभं राहून तिला सांगायचं असतं. म्हणजे आता ताईनं मला सांगायचं होतं.

मी टाकायच्या जागेवरच्या लहान चटईवर उभी राहिले आणि तिच्याकडं पाहिलं. ताईनं कमरेला बांधलेली ओढणी सोडून डोक्यावरून घेतली होती. ती भावाकडं पाहत होती. मी हात वर केला, कुठून टाकू असं विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. ती खाली पाहत राहिली. मॅडम बाजूनं म्हणाल्या, "थर्ड, बोलो." ती बोलली नाही.

मी डावीकडून टाकला, चांगला रुंद. हातातून सुटला तेव्हाच मला कळलं. तो आमच्या चेंडूला वळसा घालून आला आणि जॅकच्या अलीकडं चार बोटांवर थांबला. पंचांनी फीत लावून मोजलं आणि गुण आम्हाला दिला, म्हणजे आम्ही पहिल्या. बेल्लमपल्लीच्या पोरीनं मला मिठी मारली आणि मी तिच्या खांद्यावरून फाटकाकडं पाहत होते, कारण वॉचमन किल्ली घेऊन चालला होता.

नवरा आत आला नाही. मोटारसायकलपाशी थांबला. ताई बसनं मॅडमसोबत आली, मी त्याच्या मागं बसून. साडी नेसायला त्यानं मला वेळ दिला, म्हणाला, "घे नेसून, घाई नाई." गुडीहत्नूरला चहासाठी थांबला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "स्किप मनजे कॅप्टन का?"

"तसंच."

"मंग तिच्यावर ओरडा काऊन लागते? चार लोक पाहून राह्यले होते."

मी कपड्यांबद्दल उत्तर जुळवून ठेवलं होतं, खोटं बोलल्याबद्दल ठेवलं होतं. यासाठी काही नव्हतं. "खेळात तसं असते," एवढंच म्हटलं. त्यानं ग्लास ठेवला. घरी त्यानं आईला सांगितलं, पण कमी करून सांगितलं, हे मला नंतर कळलं. आत्याबाई त्या रात्री मला एवढंच म्हणाल्या, "सांगतलं असतं तर नाई म्हटलं असतं का मी?" आणि त्या खरंच नाही म्हणाल्या नसत्या का, हे मला आजही ठरवता येत नाही.

आठवड्यानं हैदराबादच्या कॅम्पसाठी नावं आली. राज्याचा संघ निवडायचा होता, दहा दिवसांचा कॅम्प. आमच्यातून दोघी निवडल्या होत्या, बेल्लमपल्लीची आणि मी. ताईचं नाव नव्हतं.

मी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. सकाळी शटर उघडायच्या आधी नवऱ्याला म्हटलं, "मले जाऊ द्या." तो म्हणाला, "आईले विचार." आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी काय सांगू, त्याचं तो पाह्यते." मामाजींनी आतून ऐकलं असावं, कारण जेवताना तेच बोलले. आवाज मऊ होता. "जा मनलं असतं बेटा. पन आपली पोरगी जात नाई, मंग तू कोनासंग जाशीन?"

ताई मान खाली घालून जेवत होती. सोबत म्हणून मला पाठवलं होतं, आता मला सोबत नव्हती. कोणी चिडलं नाही, कोणी बंदी घातली नाही. भांडायला कोणी असतं तर मी भांडले असते की नाही माहीत नाही, पण तिथं भांडायला कोणी नव्हतंच.

माझ्याजवळ फोन नव्हता, म्हणून मॅडमचा फोन ताईच्या फोनवर आला. ताईनं माझ्या हातात दिला. मी कणीक मळत होते, एका हातानं धरला. मॅडमनी विचारलं, निघतेस ना? मी म्हटलं, "मेरी तबियत ठीक नहीं है मॅडम. मैं नहीं आ सकती." त्यांनी काय झालं विचारलं, मी ताप म्हटलं. एवढं सफाईनं सांगितलं की मलाच नवल वाटलं.

ताई समोरच बसली होती. "खोटं काऊन बोलली वैनी?"

"मंग काय सांगू?"

मला एकदम विचारावंसं वाटलं आणि मी विचारलं, "त्या दिवशी शेवटच्या टायमाले तुमी बोल्ल्या काऊन नाई?"

ती फोनवरचं पीठ ओढणीनं पुसत राहिली. "दादा पाहून राह्यला होता," म्हणाली. मग पुसणं थांबवून, "आन मले वाटत होतं तुहा चुकावा."

मी कणीक मळत राहिले. राग आला असावा, पण तिनं ते सांगितलं याचंही काहीतरी वाटलं. घरात माझ्याशी इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं. ती उठली, दाराशी गेली आणि मॅडमना परत फोन लावला. मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, वैनी को बुखार नहीं है. घरवाले नहीं भेज रहे."

दुसऱ्या दिवशी मॅडम दुकानात आल्या. आधी अर्धा किलो खिळे मागितले. आत भिंतीआड मी उभी होते, मामाजींनी खिळे तोलले, मग स्टूल पुढं केलं. मॅडम तासभर बसल्या. तेलुगूत बोलणं चाललं होतं, मला निम्मं कळत होतं. मॅडम म्हणाल्या, मी स्वतः सोबत जाते, मुलींच्या खोलीत झोपते. मामाजी म्हणाले, तुमच्यावर भरोसा आहेच. मॅडम म्हणाल्या, अशी मुलगी मला दहा वर्षांत मिळाली नाही. मामाजी म्हणाले, सून गुणाचीच आहे. आत्याबाईंनी मला चहा टाकायला सांगितला आणि कप स्वतः बाहेर नेऊन दिले. मला कोणी बाहेर बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. दोनदा दारापर्यंत गेले होते.

मॅडम खिळे घेऊन गेल्या. संध्याकाळी मामाजी म्हणाले, "बाई चांगली हाय. कॅम्प नाई. पन हप्त्यातून दोन दिवस कॉलेजात जात जाय, उगा नावालेच काऊन ठेवायचं." हे मी मागितलं नव्हतं आणि जे मागितलं होतं ते मिळालं नव्हतं. मी हो म्हटलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी कॉलेजात जाऊ लागले. एकटी. उसने आणलेले चेंडू तोवर परत गेले होते. मागच्या पट्ट्यावर गवत उगवत होतं आणि पोरांनी त्यावर क्रिकेटच्या यष्ट्या रोवल्या होत्या. वर्गात बसताना पहिले काही दिवस मला फळ्यावरचं काहीच दिसायचं नाही, सारखं घड्याळ दिसायचं.

बेल्लमपल्लीची पोर कॅम्पहून परतली ती एका शुक्रवारी. राज्याच्या संघात तिचं नाव आलं नव्हतं, पण तिला त्याचं फार वाटत नव्हतं. आम्ही कॅन्टीनच्या ओट्यावर बसलो. मी तिला सगळं विचारलं. तिथलं गवत खरं होतं का? किती उंच? चेंडू किती लांब जातो? ती म्हणाली, खरं गवत, पण गालिच्यासारखं कापलेलं. चेंडू टाकला की जातच राहतो, जातच राहतो. तो थांबायची वाट पाहता पाहता कंटाळा येतो, असं ती हसून म्हणाली. मी विचारलं, इतक्या लांबवर वळण कुठून सुरू होतं? तिनं ओट्यावर बोटानं काढून दाखवलं. मला ते नीट कळलं नाही, मी पुन्हा काढायला सांगितलं.

ती काढत असतानाच पाच वाजले, तिची हॉस्टेलात परतायची वेळ झाली आणि माझी घरी. मामाजी साडेपाचला काउंटरवरून उठतात, त्याआधी आत जायचं होतं. ती म्हणाली, मंगळवारी राहिलेलं सांगते. मी पिशवी उचलली आणि हायवेच्या कडेनं, ट्रक जाऊ देत देत, घराकडं चालू लागले.